एमजीबीची थरथर: आधी वही, मग पाना

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या समोरच्या काचेच्या मधोमध एक उभी, बारीक क्रोमची सळई असते. उघड्या टपाच्या गाडीत आरसा त्या सळईवरच बसवलेला असतो. माझी गाडी १९७० ची. ५० मैलांपर्यंत त्या आरशात मागच्या गाडीचा नंबर स्वच्छ वाचता यायचा. ५५ ला आकडे दुहेरी व्हायचे. ६५ च्या पुढे पुन्हा जरा बरे दिसायचे. स्टिअरिंग बोटांत थरथरायचं. (माझ्या काट्यावर ताशी मैल आहेत. ५५ म्हणजे साधारण ८९ किलोमीटर.)

माझी उमेदीची वर्षं पंपांच्या देखभालीत गेली. फिरणारं यंत्र थरथरायला लागलं की आधी कंप मोजायचा आणि मगच नट सोडायचा, हे मी नव्या पोरांना ओरडून शिकवलंय. स्वतःच्या गाडीत मात्र कुणीतरी म्हणालं "क्रॉस गेले असतील", आणि मी त्याच शनिवारी प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारी फिरती नळी) खाली काढून दोन्ही क्रॉस (तिच्या टोकांच्या सांध्यांतले चौफुलीसारखे तुकडे) बदलले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. थरथर होती तिथेच राहिली, वर सीटखालून एक नवी बारीक गुणगुण सुरू झाली. तेव्हा कुठे वही काढली. पुढचं सगळं त्या वहीतून.

कोण किती फिरतं

गाडीत फिरणाऱ्या गोष्टी तीन वेगांनी फिरतात: चाकं, प्रोपेलर शाफ्ट आणि इंजिन. थरथर यांपैकी कुणाच्या तालावर आहे एवढं कळलं की निम्म्याहून जास्त काम झालं. ते कळण्याआधी विकत घेतलेला प्रत्येक सुटा भाग म्हणजे जुगार.

हिशेब सोपा आहे. सपाट जमिनीवर गाडी उभी करा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, कुणीतरी गाडीत बसलेलं असताना चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत ढकला आणि अंतर मोजा. माझ्या १६५ आर १४ टायरचं भरलं १.८९ मीटर. ५५ मैल म्हणजे सेकंदाला २४.६ मीटर. भागाकार केला की चाक सेकंदाला १३ फेरे घेतं, म्हणजे १३ हर्ट्झ. एमजीबीच्या मागच्या आसाचं गुणोत्तर ३.९०९, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे जवळजवळ चार फेरे. तेव्हा शाफ्ट ५१ हर्ट्झ.

आता मेख इथे आहे. टॉप गिअरला गिअरबॉक्स सरळ एकास एक चालतो, त्यामुळे इंजिनही त्याच ५१ वर, म्हणजे मिनिटाला तीन हजारांच्या थोडं वर फिरतं. इंजिन आणि शाफ्ट एकाच तालावर. टॉपमध्ये चालवून या दोघांत फरक कधीच करता येणार नाही, कितीही चांगला कान असला तरी. गाडीला ओव्हरड्राइव्ह (तोच वेग इंजिनाच्या कमी फेऱ्यांत देणारा जादा गिअर) असेल तर मात्र कामच झालं. ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्या मागे आणि शाफ्टच्या पुढे बसतो. वेग ५५ वरच ठेवून खटका दाबला की शाफ्ट ५१ वरच राहतो आणि इंजिन ४२ वर उतरतं, कारण माझ्या ओव्हरड्राइव्हचं गुणोत्तर ०.८२ आहे. पेट्रोल वाचवायला केलेली सोय माझ्या लेखी गाडीतलं सगळ्यात उपयोगी निदानयंत्र ठरली. ओव्हरड्राइव्ह नसेल तर तिसऱ्या गिअरमध्ये तोच वेग धरा. इंजिन ४,२०० च्या आसपास ओरडेल, पण शाफ्ट आणि चाकं आपापल्या जागी.

रस्त्यावर

मोकळा, सरळ, गुळगुळीत रस्ता हवा आणि दोन माणसं हवीत. चालवणाऱ्याने लिहायचं नाही आणि मोबाइलकडे बघायचं नाही. माझ्या शेजारी भाची बसली, मांडीवर वही आणि मोबाइल घेऊन. मोबाइलमधल्या कंपमापक सेन्सरचा आलेख हर्ट्झमध्ये दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. ॲप घेताना एक बघा: सेन्सर सेकंदाला दोनशेहून जास्त वाचनं घेत असेल तरच १०० हर्ट्झपर्यंतचं काही दिसेल. शंभरच घेत असेल तर ५० च्या वरचं जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. मोबाइल हातात धरायचा नाही, सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधायचा. हातात धरला तर हाताचंच माप येतं.

आधी टायर गरम होऊ द्या, पंधरावीस मिनिटं तरी. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या टायरना खालून चपटेपणा येतो. तो चालवल्यावर सहसा जातो, पण पहिल्या काही मैलांत तुम्हाला हमखास चकवतो. हवाही तपासून निघा.

मग आम्ही ५५ वर चार गोष्टी केल्या. टॉपमध्ये स्थिर वेग. तोच वेग ओव्हरड्राइव्हमध्ये. ६० पर्यंत नेऊन क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये टाकून गाडी आपोआप ५० पर्यंत उतरू दिली (किल्ली बंद करायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकला सर्वो असेल तर त्याची मदतही जाते). आणि शेवटी गाडी बाजूला उभी करून, न्यूट्रलमध्ये, इंजिन तीन हजारांवर.

"मामा, उभ्या गाडीत काहीच नाहीये," भाची म्हणाली.

"ओव्हरड्राइव्हमध्ये?"

"होतं तेवढंच. क्लच दाबल्यावर पण होतं. आणि डोंगर दोन आहेत, एक नाही."

आलेखावर खरोखर दोन टोकं होती. एक १३ वर, एक ५१ वर. मला इतके दिवस वाटत होतं की एकच थरथर आहे आणि ती कधी स्टिअरिंगमध्ये, कधी सीटमध्ये जाणवते. दोन वेगवेगळे चोर एकाच घरात शिरले होते, आणि दुसऱ्याला दार मीच उघडून दिलं होतं.

मोबाइल नसला तरी अंदाज बांधता येतो. १३ हर्ट्झ ही हाताला मोजता येईल न येईल अशी जाड धडधड असते, स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलताना दिसतं. ५० च्या पुढे ती गुणगुण होते, हातापेक्षा कानाला आणि पाठीला कळते. १०० ला नुसतीच घुं. आणि जागा: थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं, सीटमध्ये असेल तर मागची चाकं किंवा शाफ्ट. हा ठोकताळा दहातल्या सात वेळा बरोबर येतो असं माझं मत. उरलेल्या तीन वेळा पैसे वाया जातात, म्हणून आकडा बघावा.

इंजिनची बाजू

माझं इंजिन सुटलं, त्यामुळे हे भराभर सांगतो. उभ्या गाडीत ठरावीक फेऱ्यांना थरथर येत असेल तर क्लचचं पेडल दाबून बघा. फरक पडला तर क्लच प्लेट आणि तिचं कव्हर संशयित. पंख्याचा पट्टा काढून मिनिटभराच्या आत पुन्हा बघा. गेली तर पंख्याचं पातं वाकलंय किंवा पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. पट्टा नसताना पाण्याचा पंपही फिरत नाही, तेव्हा मिनिट म्हणजे मिनिटच. स्लो रनिंगला गाडी हुडहुडी भरल्यासारखी हलत असेल तर ती थरथर फेऱ्यांच्या निम्म्या तालावर असते. एक सिलिंडर आगच धरत नाहीये. प्लग, वायर, टॅपेट, कार्ब्युरेटर याच क्रमाने बघा.

एक समजून घ्या. चार सिलिंडर एका रांगेत असलेल्या इंजिनाला फेऱ्यांच्या दुप्पट तालाचा कंप जन्मजात असतो. तो बॅलन्सिंगने जात नाही, रबरी माउंटिंग तो गिळतात. माउंटिंगचं रबर तेलाने फुगून मऊ झालं किंवा वयाने दगड झालं की तोच कंप अचानक अंगाला लागतो आणि माणूस इंजिन खोलायला निघतो. आधी बॉनेट उघडून माउंटिंग दाबून बघा. गिअरबॉक्सखालचे दोन विसरू नका, सगळे विसरतात. आणि एक्झॉस्टचा पाइप कुठे बॉडीला टेकत तर नाही ना, तेही बघून घ्या. टेकला की एका ठरावीक फेऱ्यांना सगळी गाडी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.

१३ चा चोर: चाक

चाक, हब आणि टायर यांच्या वजनाला स्प्रिंग आणि टायरच्या लवचिकपणावर स्वतःचा एक ताल असतो, साधारण १० ते १५ हर्ट्झच्या मधला. चाकाच्या फेऱ्यांचा ताल त्याच्याशी जुळला की छोटासा दोषही मोठा होतो. म्हणून अशी थरथर बहुधा ५० ते ६० मैलांच्या दरम्यान येते आणि पुढे विरते. विरली म्हणजे बरी झाली असं नाही.

मी व्हील बॅलन्सिंग आधी दोनदा करून घेतलं होतं. माझी चाकं तारांची, आणि तारांच्या चाकाचं बॅलन्सिंग हे वेगळं प्रकरण आहे. हे चाक गाडीवर मधल्या भोकावर बसत नाही, दोन उतारांवर बसतं: आतल्या बाजूला हबचा उतार, बाहेरून स्पिनरचा, म्हणजे चाक आवळणाऱ्या मधल्या मोठ्या नटाचा. बॅलन्सिंगच्या मशीनवर दोन्ही बाजूंनी जुळणारे कोन लावले नाहीत तर चाक मशीनवर तिरकं बसतं आणि तिरक्या चाकाला वजनं लावून मिळतात. कागदावर शून्य येतं आणि रस्त्यावर धडधड. माझ्या बाबतीत एकदा नेमकं हेच झालं.

पण बॅलन्स हा सगळा खेळ नव्हेच. चाक वजनाने समतोल असून आकाराने गोल नसेल तर वजनं लावून काही होत नाही. हे घरी तपासता येतं. चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, जमिनीवर विटेवर एक तार रोवून तिचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. तार आणि रिममधली फट किती कमीजास्त होते ते बघा, वर-खाली आणि आत-बाहेर दोन्ही. तारांच्या चाकात दीड मिलिमीटर मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर स्पोक ताणायला हवेत, आणि ते काम येणाऱ्याकडेच द्यावं. स्पोकवर पेनाने टिचकी मारत जा. सगळे जवळपास एका सुरात वाजायला हवेत. ठप्प वाजला तो ढिला.

माझ्या डाव्या पुढच्या चाकाचं रिम १ मिलिमीटरच्या आत होतं. मग तार टायरच्या नक्षीवर आणली. एका जागी टायर अडीच मिलिमीटर वर येत होता. हात फिरवला तर तळहाताएवढा उंचवटा, डोळ्यांना दिसत नव्हता पण हाताला लागत होता. टायरच्या बाजूवर कारखान्याच्या तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. माझ्यावर ०९११ होतं: २०११ चा नववा आठवडा. नक्षी नव्यासारखी, कारण गाडी चालतेच किती! पण आतले पट्टे सुटायला लागले होते. उंचवटा असलेला टायर नुसता थरथरवत नाही, एक दिवस फुटतो. तो त्याच दिवशी उतरवला. रिम आणि टायर दोघेही थोडे थोडे वर येत असतील तर वेगळा उपाय आहे: टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायचा, म्हणजे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोलगट जागेवर येतो.

चाक उचललेलंच आहे तर वर-खाली धरून हलवा. खुळखुळ असेल तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर गेली तर हबच्या बेअरिंगची, राहिली तर किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिची. हबला ०.००२ ते ०.००४ इंच एवढा सैलपणा हवाच असतो, तो शिम (पातळ चकत्या) घालून साधतात. एकदम घट्ट केलं तर बेअरिंग भाजतं. डावी-उजवीकडे हलवून खुळखुळ आली तर टाय रॉडचे एंड. हे ढिले भाग स्वतः थरथर निर्माण करत नाहीत, पण दुसऱ्याची वाढवतात. स्पिनर काढल्यावर हबच्या खाचांचे दातेही बघा. झिजून टोकदार झाले असतील तर गाडी सोडताना आणि ब्रेक मारताना 'टक्' ऐकू येतो.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर यातलं काहीच करू नका. डिस्क किंवा ड्रम बघा.

टायर बदलल्यावर पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच भाचीसह. १३ चा डोंगर सपाट. ५१ चा जसाच्या तसा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ती याचसाठी. दोन्ही कामं एकदम केली असती तर कशाने काय गेलं ते आजही कळलं नसतं.

५१ चा चोर: शाफ्ट

आकडा इथेही बोलतो. शाफ्टच्या फेऱ्याइतकाच ताल असेल, माझ्या गाडीत ५१, तर शाफ्ट असमतोल आहे, वाकडा आहे किंवा मध्यावर बसलेला नाही. त्याच्या दुप्पट, १०२, असेल तर दोष सांध्यांच्या कोनात. एक म्हणजे शाफ्टचे दोन भाग खाचांवर सरकतात, ते सुटे करून पुन्हा घालताना एखादा दाता चुकला तर दोन टोकांचे काटे एका रेषेत राहत नाहीत. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक सरळ रेघ ओढली तर हे होत नाही. दुसरं, गिअरबॉक्सचा फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) आणि मागचा फ्लँज एकमेकांना समांतर नसणं: गिअरबॉक्सचं माउंटिंग बसलेलं, किंवा गाडी खाली करायला मागे ठोकळे घातलेले. फ्लँजवर कोनमापक टेकवून दोन्हीकडचे अंश वाचा, एका अंशापेक्षा जास्त फरक नको.

गाडीखाली शिरण्याआधी: पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, मागचा आस स्टँडवर. बॉडी नव्हे, आसच. बॉडी उचलली की आस लोंबतो, शाफ्टचा कोन बदलतो आणि माप खोटं येतं. मागची चाकं काढा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, इंजिन बंद. फिरत्या शाफ्टखाली कुणीही, कधीही जायचं नाही.

डायल गेजचा (बारीक सरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापाचा) चुंबक क्रॉसमेंबरला चिकटवून टोक शाफ्टच्या नळीवर टेकवलं आणि शाफ्ट हाताने फिरवला. पुढच्या टोकाला ०.२ मिलिमीटर. मागच्या टोकाला ०.६. मी अर्ध्याच्या वरचं सोडत नाही.

खात्रीसाठी होज क्लिपची जुनी युक्ती केली. शाफ्टच्या मागच्या टोकाला खडूने चार खुणा केल्या, १ ते ४. एक साधी होज क्लिप आवळली, तिच्या स्क्रूचं डोकं हेच वजन. डोकं खूण १ वर ठेवून फेरी, मग २ वर, असं चारदा. क्लिप कचकचून आवळा आणि शाफ्टवरच्या पत्र्याच्या बोगद्याला घासत नाही ना ते बघा. वहीत भाचीने लिहिलंय: "१ – वाईट. २ – तेच. ३ – अर्धं! ४ – तेच." क्लिपच्या जागेनुसार थरथर बदलते म्हटल्यावर दोषी शाफ्टच, यात शंका उरली नाही. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि ३ वर क्लिप कायमची ठेवतात. चालते ती. मला मात्र ०.६ कुठून आलं ते हवं होतं.

मागचे चार बोल्ट सोडले, फ्लँजवर आणि त्याच्या जोडीदारावर आधी पंचने खूण करून. (इथेच आणखी एक चाचणी: शाफ्ट अर्धा फेरा फिरवून त्याच चार भोकांत बसवायचा. थरथर बदलली तर दोन फ्लँजांचे दोष एकमेकांत मिळत होते. दोघांच्या मधे रंगाचं पापुद्रं किंवा गंजाचा कण अडकला तरी शाफ्ट मध्यावरून हलतो, तेव्हा दोन्ही तोंडं पुसून घ्या.) शाफ्ट बाकावर घेतला आणि मागचा सांधा हाताने फिरवला. एका दिशेला लोण्यासारखा, दुसऱ्या दिशेला घट्ट.

आणि मला तो शनिवार आठवला. क्रॉस बसवताना एक सर्क्लिप (क्रॉसच्या टोकावरचा बेअरिंगचा कप जागेवर धरणारं पातळ कडं) पकडीतून उडाली आणि बाकाखाली कुठेतरी गेली. अर्धा तास शोधली. मग जुन्या संचातली एक पुसून लावली. दिसायला तशीच. आता व्हर्नियर लावला तर नव्या १.५ च्या आणि ती १.८ ची. त्या ०.३ मुळे एका बाजूचा कप आत ढकलला गेला होता आणि क्रॉस तेवढाच मध्यावरून सरकला होता. गेजवर ०.३ चं दुप्पट, ०.६, दिसतं. शाफ्टचं मागच्या टोकावर येणारं वजन साडेतीन किलो धरलं तर ५१ फेऱ्यांना हा सरकलेपणा सुमारे ११ किलोचा जोर लावतो, कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला. एका पातळ कड्याच्या फरकाने.

नवा संच आणला, एका सांध्याच्या चारही सर्क्लिप सारख्या जाडीच्या. खाचा सुईने खरवडून साफ केल्या. कप दाबताना आतल्या बेअरिंगच्या सुया उभ्या राहाव्यात म्हणून ग्रीस भरपूर. एखादी सुई आडवी पडली तर कप पूर्ण बसत नाही आणि सर्क्लिप खाचेत जात नाही, तेव्हा हातोडा न मारता कप बाहेर काढायचा. सगळं बसल्यावर काट्याला प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोके दिले, म्हणजे कप बाहेरच्या सर्क्लिपवर टेकतात आणि सांधा दोन्ही दिशांना सारखा फिरतो. गाडीवर चढवून पुन्हा गेज: मागे ०.२.

५५ वर आता आलेखात फक्त १०२ च्या आसपास एक टेकाड आहे. ओव्हरड्राइव्ह टाकला की ते ८४ वर सरकतं. म्हणजे ते इंजिनाचं, जन्मजात. त्याच्या वाटेला मी जात नाही. फ्लँजच्या आठही बोल्टांना नवे लॉकनट लावलेत आणि शंभरेक मैलांनी ते एकदा पान्याने तपासायचे आहेत. हरवलेली सर्क्लिप अजून सापडलेली नाही.